पोह्यांचा डबा

प्रश्न : माझे यजमान चौदा महिन्यांपूर्वी गेले. रोज सकाळी सहाला स्टीलचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या गाडीवर पोहे आणायला जायचे. त्या दिवशी तिथेच छातीत कळ आली. तेव्हापासून मी त्या कोपऱ्यावरून गेलेले नाही. भाजीलाही मागच्या गल्लीने वळसा घालून जाते. रात्री जेमतेम तीन तास झोप लागते. रंगपंचमीला भाचीने राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, पाहायला नेलं. तिथे मी खळखळून हसले आणि घरी येऊन रडत बसले. मुलगी म्हणते, ‘आई, आता सावर.’ किती दिवस लागतात हो सावरायला?
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी त्या हसण्याबद्दल बोलू, कारण तेच तुम्हाला जास्त टोचतंय. हसलात म्हणून त्यांना विसरलात असं होत नाही. नकारापासून स्वीकारापर्यंत दुःखाच्या पाच पायऱ्या असतात, हे तुम्हालाही कुणी ऐकवलं असेल. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या, त्या मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांचं ते वेळापत्रक नव्हे. मला स्ट्रोबे आणि शुट या अभ्यासकांचं १९९९ मधलं म्हणणं जास्त पटतं : माणूस कधी दुःखात बुडतो, कधी जगण्याच्या कामाला लागतो, आणि या ये-जा करण्यातूनच सावरत जातो. गेर आणि नंतरचं रडणं, दोन्ही त्यातलंच.

काळजी वाटते ती त्या कोपऱ्याची. माझा धाकटा भाऊ गेल्यावर त्याच्या खोलीला मी दीड वर्ष कुलूप ठेवलं होतं. उघडली तेव्हा खुंटीवर त्याचा चौकड्याचा शर्ट, खिशात अर्धी उरलेली बडीशेपेची पुडी. मी तिथेच खाली बसले. पण तोवर डोळ्यांपुढे फक्त दवाखान्यातला चेहरा यायचा. त्या दिवसानंतर हसणारा, भांडणारा भाऊही आठवायला लागला. टाळलेल्या जागी हळूहळू परत जाणं हा अडकून पडलेल्या दुःखावरच्या उपचाराचाही भाग असतो.

तेव्हा एका सकाळी लेकीला बरोबर घ्या आणि समोरच्या फुटपाथवर फक्त उभ्या राहा. पोहे घ्यायलाच हवेत असं नाही. पोह्यांवरच्या जीरावन मसाल्याचा वास आला आणि पाय मागे वळले, तर घरी या. दोन दिवसांनी पुन्हा जा.

झोपेसाठी मात्र डॉक्टरांकडे जाच. वर्ष उलटूनही दुःख रोज तितकंच तीव्र राहिलं आणि दिवसाची कामंही होईनात, तर त्यावर वेगळे उपचार असतात. मानसोपचारतज्ज्ञाला चौदा महिन्यांचं सगळं सांगा. मध्यरात्री जीव नकोसा झाला, तर १४४१६ लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास.

आणि लेकीला हे पत्र वाचून दाखवा. तिचेही बाबा गेलेत. ‘सावर’ म्हणणारी ती पोर रात्री झोपते का, हे तिला विचारा.