जुना संगणक देण्यापूर्वी

प्रश्न : दहा वर्षे वापरलेला संगणक भंगारात द्यायचा आहे. हार्ड डिस्क फॉरमॅट केली आहे. तेवढे पुरेसे आहे का?

उत्तर : क्विक फॉरमॅट केले असेल, तर पुरेसे नाही. त्यात फक्त फाइलींची अनुक्रमणिका नव्याने लिहिली जाते. आपली बँकेची विवरणपत्रे, पॅनकार्डाची प्रत, घरातली छायाचित्रे हे सारे चकतीवर तसेच राहते आणि सहज मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने ते परत काढता येते. विंडोजमध्ये क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट केल्यास, विंडोज व्हिस्टा व त्यानंतरच्या आवृत्त्यांत, संपूर्ण डिस्कवर शून्ये लिहिली जातात. मोठ्या डिस्कला यासाठी काही तास लागतात, पण ते जरूर द्यावेत. संगणक-सुरक्षेचे अभ्यासक पीटर गुटमन यांनी १९९६ मध्ये सुचवलेली, जुन्या मजकुरावर ३५ वेळा लिहिण्याची पद्धत त्या काळच्या डिस्कसाठी होती. आजच्या डिस्कला एकदा लिहिणे पुरते.

आपल्या संगणकात एसएसडी (फिरत्या चकत्यांऐवजी चिपांमध्ये मजकूर साठवणारी डिस्क) असेल, तर मात्र हा उपाय भरवशाचा नाही, कारण तिचा नियंत्रक झीज सर्वत्र सारखी व्हावी म्हणून नवा मजकूर वेगळ्याच जागी लिहितो आणि जुना काही भाग आपल्या आवाक्याबाहेर राहतो. तिथे उत्पादकाच्या सॉफ्टवेअरमधील सिक्युअर इरेज ही सगळे पुसून टाकणारी सोय वापरावी.

डिस्क सुरूच होत नसेल, तर ती काढून चकत्यांना ड्रिलने आरपार भोके पाडावीत; डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच, कारण काही चकत्या काचेच्या असतात. एसएसडीच्या बाबतीत प्रत्येक चिप फुटली पाहिजे. उरलेला संगणक नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडेच द्यावा.