घरच्या छोट्या लेथसाठी (धातूचा तुकडा फिरवून कापायच्या मशीनसाठी) टूल्स आणि मटेरिअल कुठून घ्यावं? ऑनलाइन मिळणारा ११ टूल्सचा सेट चालेल का?

तो ११ टूल्सचा सेट घेऊ नका. लाकडी खोक्यात येतो, दांड्यांना लाल नाहीतर निळा रंग फासलेला असतो आणि टोकाला कार्बाइड नावाच्या फार कडक पदार्थाचा तुकडा ब्रेझ केलेला (डाखलेला) असतो, तोच म्हणताय ना? त्याला धार म्हणून काही नसतेच, ती आपण लावायची, आणि त्यासाठी हिरवं सिलिकॉन कार्बाइडचं व्हील लागतं, साध्या व्हीलवर ते टोक नुसतं चोळलं जातं. म्हणजे सेट स्वस्त आणि त्याच्यामागं लागणारा खर्च वेगळाच.

तुम्ही लिहिलंय की पुण्यात फ्लॅटच्या बाल्कनीत अर्ध्या एचपीची लेथ बसवलीय, दुकानदार एकदोन नगांसाठी उभं करून घेत नाहीत म्हणून ऑनलाइन बघताय, आणि एक मित्र म्हणाला की एचएसएस (हाय स्पीड स्टील, ज्याला धार आपण घासून लावतो) आता कोण वापरतं, इन्सर्टच (होल्डरवर बसवायचा तयार धारेचा कार्बाइडचा तुकडा) घे. हे शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. कारण हेच वाक्य मी आमच्या साडूच्या तोंडून दर सणावाराला ऐकत आलोय.

मी कोल्हापूरचा. शाळेत गणित शिकवतो, लेथ हा निव्वळ नाद, छोटी स्टीम इंजिनं बनवतो. साडू शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारी मशीनं बघतो, माणूस हुशार, त्यात वाद नाही, पण घरात लेथ म्हटलं की त्याला हसू येतं. एका दिवाळीला फराळाला आला तो पिशवीत २० मिमीचा होल्डर आणि डबाभर वापरलेली इन्सर्ट घेऊन. 'मास्तर, ते व्हीलवर घासत बसणं सोडा आता.' सासरे समोर बसलेले. माझ्या टूलपोस्टात, म्हणजे टूल आवळायच्या ठोकळ्यात, १२ मिमीच्या वर काही बसत नाही, तर ह्यानं टूलपोस्टच काढलं, होल्डर त्याच्याखालच्या टॉप स्लाइडवर पट्ट्या लावून आवळला आणि २५ मिमीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) बारवर कट घातला. लेथ अशी किंचाळली की शेजारचे काका गॅलरीत येऊन बघायला लागले. जॉबवर, म्हणजे कापायच्या तुकड्यावर, आटे पाडल्यासारख्या लाटा. साडू म्हणतो, मशीनच खेळणं आहे हे, आणि चकली उचलून आत गेला.

आता हे जरा नीट बघा, कारण तुमचं मशीन माझ्याच जातीचं आहे. ते इन्सर्ट होतं सीएनएमजी १२०४०८. त्यातलं दुसरं अक्षर एन म्हणजे इन्सर्टच्या बाजूला क्लिअरन्स (धार सोडून बाकीचा भाग जॉबला घासू नये म्हणून दिलेला उतार) शून्य, म्हणून होल्डरमध्ये ते पुढं झुकवून बसवावं लागतं, आणि मग ते जॉबला कापतं कमी आणि रेटतं जास्त. शेवटचं ०८ म्हणजे नाकाची गोलाई ०.८ मिमी, म्हणजे साधारण तेवढी तरी कटाची डेप्थ दिली तरच ते नीट चालणार. साडूच्या मशीनला १५ एचपीची मोटर आणि टनावारी बिडाचं वजन, तिथं ते इन्सर्ट लोण्यासारखं जातं ते खरंच आहे. अर्ध्या एचपीवर ते नुसतं घासतं, तापतं आणि जॉब थरथरवतं. हे सासऱ्यांसमोर कोण समजावणार.

पुढं उद्यमनगरातले एक म्हातारे मिस्त्री दुकान आवरतायत असं कळलं. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या काळापासून गल्लोगल्ली लेथ, पण बरेच कारखाने एमआयडीसीत गेले, जुनी माणसं थकली, पोरांना ह्यात रस नाही. अशी आवरती दुकानं हाच आपल्यासारख्यांचा खरा बाजार, ऑनलाइनचं नंतर बघा. गाडी साडूची म्हणून तोही बरोबर आला.

मला चक, म्हणजे जॉब जबड्यांत धरून फिरवणारा भाग, पाहिजे होता. तीन जबड्यांचा एक होता आणि चार जबड्यांचा एक, दोन्ही गंजलेले. तीन जबड्यांचा जुना चक कसा बघायचा ते सांगतो. प्रत्येक जबड्यावर १, २, ३ असे आकडे आणि शेजारी एक सिरीयल नंबर ठोकलेला असतो, तो तिन्ही जबड्यांवर आणि बॉडीवर एकच आहे का बघा, नसेल तर कुणीतरी दुसऱ्याच चकचे जबडे घातलेत. मग मोठ्या ड्रिलची सरळ शँक (मागची दांडी) चकात खोलवर धरा, आवळा आणि बाहेरचं टोक हलवून बघा. डुलली तर जबडे तोंडाशी झिजून फाकलेत, फक्त मागं धरतायत. गंज रॉकेल-डिझेलनं निघतो, फाकलेल्या जबड्यांना ग्राइंडिंगशिवाय इलाज नाही. ह्यातला तीन जबड्यांचा डुलला. चार जबड्यांच्या चकात प्रत्येक जबडा आपापल्या स्क्रूवर, त्यामुळं झीज असली तरी जॉब डायल गेजवर बघत सेंटरला आणता येतो, तो घेतला, किलोच्या भावानं.

मग टेबलाच्या खणात एचएसएसचे टूलबिट निघाले. तीन सुती, चार सुती (एक सूत म्हणजे १/८ इंच), काही अर्धे संपलेले, काही कोरे, मिरांडा कंपनीचे. साडू म्हणाला, हे पण टाका की काट्यावर. मिस्त्री काही बोलले नाहीत. एक कोरा तीन सुती बिट माझ्या हातात दिला आणि ग्राइंडरकडं मान केली. 'घास बघू. एमएसला.'

घासला. समोरची आणि बाजूची क्लिअरन्स आठदहा अंश, वरचा रेक (टूलच्या वरच्या बाजूचा उतार) बारापंधरा, तिथं कोनमापक कोण धरतंय, सगळं डोळ्यानं. बोटाला चटका बसायला लागला की पाण्यात बुडवायचं, पण लाल होऊ द्यायचं आणि मग बुडवायचं असलं करायचं नाही, बारीक तडे जातात. नुसतं निळसर पडलं तर घाबरायचं कारण नाही, त्यानं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो, ते कार्बन स्टीलचं, एचएसएसचं नाही. शेवटी ऑइलस्टोनवर नाक जरासं गोल केलं. मिस्त्रींनी बिट उजेडाला धरून बघितलं, स्वतःच्या लेथला लावलं, पट्ट्यावरचं जुनं मशीन, फार तर चारशे आरपीएम. बुरा लांब, गुंडाळत, चंदेरी निघाला. त्यांनी मशीन थांबवून जॉबवरनं नख फिरवलं.

'कुणी शिकीवलं?'

म्हटलं, माझं मीच. मास्तर आहे, त्रिकोणमिती कळते.

मिस्त्री साडूकडं वळले. 'पाव्हणं, तुमी बी घासा की येक.'

साडूला नेमका तेवढ्यात फोन आला.

बिट त्यांनी नगावर लावले, दुकानापेक्षा निम्म्यानं, आणि मी एक रुपया कमी करा म्हटलं नाही. आणि परवा साडूच्या कारखान्याला एका चमत्कारिक खोबणीसाठी फॉर्म टूल (खोबणीच्याच आकाराची धार असलेलं टूल) पाहिजे होतं, तसं इन्सर्ट तयार मिळेना, तेव्हा गाडी कुणाच्या दारात आली ते विचारू नका. १० टक्के कोबाल्टचा बिट घासून दिला. तरी गडी कबूल करत नाही, म्हणतो हा अपवाद.

तर तुमचा प्रश्न. पुण्यात रविवार पेठेत बोहरी आळी आहे, एचएसएस बिट, ड्रिल, टॅप-डाय तिथं सुटे मिळतात. नुसतं 'एक टूल द्या' म्हणून उभं राहू नका, पाचसहा वस्तूंची मापासकट चिठ्ठी न्या, बिट सुतात सांगा, तीन सुती म्हणजे ३/८ इंच, मग दुकानदार तुमच्याशी बोलायला लागतो. तुमच्या टूलपोस्टाला ३/८ बसेल. मुंबईला गेलात तर नागदेवी स्ट्रीट, तिथं एक अख्खा दिवस जातो, तेव्हा रविवारी जाऊ नका, बंद असतं. पुण्यातला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी, तिथं व्ही ब्लॉक, क्लॅम्प, जुने बोरिंग बार मिळाले तर घ्या, मापाची हत्यारं तिथं घेऊ नका. पडलेला मायक्रोमीटर बाहेरून चकाचक दिसतो. व्हर्निअर आणि मायक्रोमीटर नवेच, बिल घेऊन.

मटेरिअलसाठी भोसरीकडचे स्टीलवाले, तिथं बार बँडसॉवर कापून देतात आणि उरलेले तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात, ते किलोवर मागा. सुरुवातीला ईएन-१ए (सहज कापलं जाणारं पोलाद) नाहीतर फ्री कटिंग ब्रास, जरा चिवट ईएन-८ पोलाद नंतर. बांधकामाची टीएमटी सळई कुणी फुकट दिली तरी नको, तिची वरची कातडी मुद्दाम कडक केलेली असते. गाडीच्या शॉकअपचा रॉड पण नको, त्यावर हार्ड क्रोम असतं. उलट जुन्या प्रिंटर आणि झेरॉक्स मशीनच्या भंगारातले रॉड सरळ आणि गुळगुळीत असतात, ते भंगारवाल्याकडं सांगून ठेवा. ब्रासला वरचा रेक शून्य ठेवा, नाहीतर टूल स्वतःच आत घुसतं. अ‍ॅल्युमिनिअमला थोडं रॉकेल किंवा डिझेल पुरतं, कूलंटचा पंपबिंप बाल्कनीत कशाला. लेथच्या बेडला (ज्यावर टूलचा भाग सरकतो त्याला) ६८ नंबरचं स्लाइडवे ऑइल.

बाकी ऑनलाइन सगळंच वाईट असंही नाही. छोट्या लेथचे पट्टे, चेंज गिअर, क्विक चेंज टूलपोस्ट हे आपल्या दुकानांत मिळायचंच नाही, ते तिकडूनच घ्या. आणि खरं सांगायचं तर एक इन्सर्टचा होल्डर माझ्याकडंही आहे, १० मिमीचा, त्यात सीसीएमटी ०६०२०४ बसतं, त्याला स्वतःची ७ अंश क्लिअरन्स आणि नाक ०.४. कास्टिंगची वाळू लागलेली कातडी काढायला ते वापरतो, तिथं एचएसएसची धार लगेच बोथट होते. अ‍ॅल्युमिनिअमला सीसीजीटी, जास्त धारदार इन्सर्ट. साडूला हे सांगितलेलं नाही.

पैसे खर्चायचेच असतील तर ६ इंची बेंच ग्राइंडरवर खर्चा, पांढरं व्हील लावून घ्या, आणि त्यावर अ‍ॅल्युमिनिअम कधी घासू नका, व्हील भरतं आणि फुटण्याची भीती. लेथच्या शेजारी ग्राइंडर ठेवू नका, ती पूड बेडवर पडली की बेड गेलाच. बाल्कनीत जागा नसेल तर ग्राइंडर चालू असताना लेथवर जुनी चादर टाका. हातमोजे घालून लेथ चालवायची नाही हे माहीत असेलच. आणि पार्टिंगचं (जॉब कापून वेगळा करायचं) काम रविवारी दुपारी करू नका, खालच्या मजल्यावरचे लोक झोपलेले असतात, सोसायटीत एकदा तक्रार गेली की लेथ विकायची वेळ येते.