झाडाच्या सालीत मिसळून गेलेले बारीक कोळी कसे शोधायचे?

समोरून न बघता खोडाच्या कडेने, सालीला समांतर नजर टाका आणि टॉर्चही तसाच तिरपा धरा. कोळी सालीचा रंग हुबेहूब घेतो, पण उंचवटा आणि बारीकशी सावली त्याला पुरती लपवता येत नाही. रंगापेक्षा डाव्या-उजव्या बाजूंचे सारखे पाय शोधा. साल इतकी जुळती कुठेच नसते. हर्सिलिया कोळी तर खोडाला अगदी चपटा चिकटून, बहुतेकदा डोकं खाली करून बसतो. मागे दोन शेपट्यांसारख्या दिसणाऱ्या लांब नळ्या त्याच्या धागा सोडण्याच्या. हे पाहायला फार सुंदर! रात्री कपाळावरच्या टॉर्चने लांडगा कोळ्यांचे डोळे लांबूनही चमकतात, मात्र उड्या मारणाऱ्या कोळ्यांचे तसे चमकत नाहीत. साल मात्र सोलू नका, तेच त्यांचं घर.