पुण्यात आईचा २४ तासांचा होल्टर (हृदयाचे ठोके सतत नोंदवणारी चाचणी) नॉर्मल आला. तरीही ती कारणाशिवाय बेशुद्ध पडते. धोका टळला असे समजावे का?
नाही, एवढ्यावरून धोका टळला असे समजू नये, कारण त्या २४ तासांत आईची शुद्ध हरपली नसेल, तर ठोक्यांतील दोष नोंदला जाण्याची शक्यताच कमी. असे प्रसंग महिन्यांच्या अंतराने घडत असतील, तर छातीच्या त्वचेखाली बसवला जाणारा आणि साधारण ३ वर्षे नोंद ठेवणारा लूप रेकॉर्डर अधिक उपयोगी ठरतो. त्याविषयी पुण्यातील हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारावे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम अभ्यासात हृदयविकारामुळे बेशुद्ध पडणाऱ्यांचा मृत्यूचा धोका सुमारे दुप्पट आढळला, मूर्च्छेचे कारण न सापडलेल्यांचा काहीसा अधिक, तर साध्या व्हेसोव्हेगल मूर्च्छेत (भीती, वेदना किंवा फार वेळ उभे राहिल्याने येणाऱ्या) तो वाढलेला दिसला नाही. मात्र श्रम करताना किंवा आडवे असताना शुद्ध हरपली असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.