पारंपरिक साड्या ओळखायला शिकताना

सर्व प्रांतांच्या साड्यांची नावे एकदम पाठ करण्याचा मोह प्रथम आवरा. पैठणी, इरकल आणि गुजरातेतल्या पाटणचा पटोला या तिघींपासून आरंभ केलात, तर विणकामाच्या तीन निराळ्या रीती तुमच्या हाती येतील.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे रंग आणि मोर पाहून साडीला नाव देणे. मोर आज यंत्रावरही विणला जातो, म्हणून पैठणीचा पदर आधी उलटा करा. हातमागावरच्या पैठणीत प्रत्येक रंगाचा धागा आपल्या नक्षीपुरताच फिरून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. त्यामुळे मुनिया या छोट्या पक्ष्याच्या नक्षीची चोच दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव दिसते, तर यंत्रावरच्या पदरामागे बहुधा मोकळे किंवा कापलेले धागे हाताला लागतात. ही एक खूण बोटांत मुरेपर्यंत जरीच्या कसाकडे वळूच नका.

इरकलीत अंग आणि पदर यांचे ताणे, म्हणजे उभे धागे, फासे घालून जोडलेले असतात. तो सांधा शोधा. पटोल्यात ताणा आणि बाणा (आडवे धागे) दोन्ही विणण्यापूर्वीच बांधून रंगवतात, म्हणून त्याची नक्षी दोन्ही बाजूंना तितकीच गडद असते. छापील नक्कल बहुतेक वेळा मागून फिकट असते.

पहिली खरेदी महागड्या रेशमाची करू नका. साधी सुती इरकल घ्या, नेसा, धुवा. आणि पुढे रेशमी साडी घ्याल तेव्हा ती प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवा व अधूनमधून तिच्या घड्या बदला, कारण एकाच घडीवर जरीचा धागा तुटतो.