शेजारी, पण कुठला?

'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' या बायबलमधल्या आज्ञेचा अर्थ शेजारधर्म पाळणे असाच ना, असं एकांनी विचारलंय. नाही! दर नाताळच्या भाषणांत हे ऐकून कान किटलेत. भिंतीपलीकडून चकल्यांची वाटी येते, आपण ती रिकामी परत पाठवत नाही, हा झाला शेजारधर्म. रीत चांगलीच आहे. पण बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात येशू नेमकं उलट सांगतो : श्रीमंत शेजाऱ्यांना जेवायला बोलावू नकोस, तेही तुला बोलावतील आणि फिट्टंफाट होईल.

तिथे मूळ ग्रीक शब्द आहे 'गेइतोन', घराला घर लागून असलेला. आज्ञेत मात्र 'प्लेसिओन', म्हणजे जवळचा. ही आज्ञा आली जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकातून (१९:१८), तिथे हिब्रू 'रेआ' आहे, सोबती. घरशेजाऱ्याला हिब्रूत 'शाखेन' म्हणतात. फ्रेंचमध्येही आज्ञेतला 'प्रोशँ' वेगळा, घरशेजारचा 'व्वाझँ' वेगळा. मराठीत दोघेही शेजारीच. 'बायबलमुळे शेजारी शब्दाचा अर्थ रुंदावला' असं काही जाणकार सांगतात. कुठे रुंदावला? चर्चबाहेर कुणी मराठी माणूस अनोळखी वाटसरूला शेजारी म्हणतो का? शब्दात शेज आहे, अंथरुणाला अंथरूण लागल्याची जवळीक आहे. ती सुटत नाही.

गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीने हा घोळ केला नाही. तिथे म्हणतात 'पेल्याचो मोग', म्हणजे पेल्यावरचं प्रेम. घरालगतचा तो शेजारी, आणि पेलो म्हणजे समोरचा दुसरा माणूस. माझं मत विचाराल तर हा पेलो आपल्या 'पैल'चाच भाऊ. पैलतीरातला पैल, ज्ञानेश्वरांच्या 'पैल तो गे काऊ'मधला पैल. शेजारी ऐलाडचा, पेलो पैलाडचा! हे सुचलं त्या दिवशी मी लूकचा दहावा अध्याय पुन्हा उघडला. 'माझा शेजारी कोण?' असं एक शास्त्री, म्हणजे यहुदी धर्मशास्त्राचा जाणकार, विचारतो, आणि येशू यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर लुटलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक आणि लेवी, म्हणजे मंदिराचा पुरोहित आणि मंदिराचा सेवक, त्याला पाहून रस्त्याच्या पलीकडच्या कडेने निघून जातात. थांबतो तो शोमरोनी, म्हणजे शोमरोन प्रांतातला माणूस, यहुद्यांच्या लेखी पार पैलाडचा. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, वर तिथल्या मालकाला दोन दिनार, म्हणजे चांदीची नाणी, देतो. मग येशू प्रश्नच फिरवतो : तिघांपैकी शेजारी कोण झाला?

'झाला' हे क्रियापद ग्रीकमध्येही आहे. पेलो प्लेसिओन झाला.