शाळेत शेती शिकवायची आहे, अनुदान कुठून मिळेल?

तुमचा प्रश्न असा : रत्नागिरी जिल्ह्यातली सातवीपर्यंतची जिल्हा परिषद शाळा, पट ४६, मागे कातळाला लागून चार-पाच गुंठे जागा पडून. तुम्ही शाळा व्यवस्थापन समितीवर आहात आणि मुलांना शेती शिकवायला अनुदान हवंय. मी याच जिल्ह्यात अशाच एका शाळेवर शिक्षिका आहे. आमच्या परसबागेचा हा नववा पावसाळा, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

'कृषी शिक्षण' या नावाचं अनुदान शोधत बसू नका. आमची पहिली दोन वर्षं त्यातच गेली. प्राथमिक शाळेला त्या नावाने पैसे देणारं खातं मला आजवर भेटलेलं नाही. कुंपण, पाणी, अवजारं, शिकवणारा माणूस असं एकेक सुटं मागायला लागलो, तेव्हा कामं व्हायला लागली.

शाळेच्या हक्काचं आधी बघा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. त्याच्या निकषाप्रमाणे ३० पर्यंत पटाला १०,००० आणि १०० पर्यंत २५,००० रुपये, म्हणजे तुमची शाळा २५,००० मध्ये बसते. वीजबिल, खडू, किरकोळ दुरुस्ती यांतून बागेला दोन-तीन हजार काढता येतात. त्याच योजनेत इको क्लबसाठी (मुलांच्या पर्यावरण मंडळासाठी) वेगळी तरतूद असते, उच्च प्राथमिक शाळेला वर्षाला १५,००० पर्यंत. शालेय पोषण आहारातही परसबागेची सोय आहे. २०१९ च्या केंद्राच्या सूचनांत शाळेमागे ५,००० रुपये धरले होते. यातलं यंदा तुमच्या तालुक्याला काय मंजूर झालंय ते पंचायत समितीत पोषण आहाराच्या अधीक्षकांना आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना विचारायला लागेल. मुख्याध्यापकांना एकट्याला पाठवू नका, समितीचे दोन पालक बरोबर जा. फरक पडतो.

आता कोकणातली खरी अडचण. हे पैसे बऱ्याचदा फेब्रुवारी-मार्चमध्ये हातात पडतात आणि ३१ मार्चच्या आत खर्च दाखवायचा असतो. तेव्हा आपल्याकडे काय स्थिती असते ते तुम्हाला सांगायला नको. शिमगा झाला की विहिरी तळाला जातात, कातळ तापलेला असतो. एका वर्षी आम्ही मार्चमध्ये घाईने रोपं आणली, मे संपेपर्यंत त्यातली निम्मीसुद्धा राहिली नाहीत. मुलांनी सुट्टीतसुद्धा कळशीने पाणी घातलं होतं, त्याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून नियम केला : मार्चचा पैसा पाइप, टाकी, जाळी, कुदळ, पिकाव, खुरपी यांत घालायचा. बियाण्याला पैसे लागतच नाहीत. मृगाच्या आधी मुलांना सांगायचं, घरून बी आणा. दुसरीतल्या एका मुलीच्या आजीने चिबुडाचं नि पडवळाचं बी राखेत घोळवून वर्तमानपत्राच्या पुडीत पाठवलं होतं, वर पेनाने 'भिजवून लावा' लिहून. त्या चिबुडाचं बी आम्ही अजून धरतो.

कुंपणासाठी ग्रामपंचायतीकडे जा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा विकास आराखडा तुमच्या समितीनेच करायचा असतो आणि अनुदानाला आधार तोच. त्यात कुंपण आणि पाणी लिहा, ठराव करा, आणि ग्रामपंचायतीचा विकास आराखडा ठरतो त्या ग्रामसभेत तो मांडा. आमच्याकडे चिरे ग्रामपंचायतीने दिले, त्यांचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, वाडीतल्या लोकांनी श्रमदानाने घातला. गुरं थांबली, वानर थांबले नाहीत. म्हणून गडग्याच्या कडेने हळद, आलं, सुरण लावलं, त्याला वानर फारसे शिवत नाहीत. पाण्याचं म्हणाल तर जेवणानंतर मुलं ताटं धुतात ते पाणी चर काढून अळवाला आणि केळीला सोडलंय. एक पैसा लागला नाही.

शिकवणाऱ्या माणसासाठी अनुदानापेक्षा ओळख उपयोगी पडते. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, जिल्ह्यात कृषी विज्ञान केंद्र आहे. शेवटच्या वर्षाला असलेले कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी पावसात गावांत राहायला येतात. मे महिन्यातच प्राचार्यांना पत्र द्या. आमच्याकडे आलेल्या मुलींनी कोयकलम शिकवलं. जूनमध्ये रुजवलेल्या कोयीचा कोवळा, तांबूस पानांचा कोंब वरून कापायचा, मधोमध चीर द्यायची, पाचरीसारखी तासलेली हापूसची काडी त्यात बसवायची. ब्लेड त्यांच्या हातात, पट्टी बांधायचं काम सातवीच्या मुलांचं. पहिल्या वर्षी ३० बांधली, ११ जगली. जगलेली कलमं मुलांनी घरी नेली. विकायचा विचार असेल तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा, फळझाडांची कलमं विकायला रोपवाटिकेचा परवाना लागतो.

कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा निधी, लोक मोठ्या आशेने सांगतात. कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावे लागतात हे खरं, पण पैसे घेऊन काम करणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ ही सरकारी नोंदणी लागते आणि ती जिल्हा परिषद शाळेकडे नसते. म्हणून नोंदणी असलेली एखादी संस्था बरोबर घ्या, नाहीतर विद्यांजली या शाळांना मदत मिळवून देणाऱ्या सरकारी पोर्टलवर शाळेची गरज वस्तूच्या रूपात टाका. आम्ही एका कंपनीला पाच लाख मागितले होते, उत्तरही आलं नाही. पुढच्या वर्षी दुसरीकडे फक्त २,००० लिटरची टाकी मागितली, सोबत दरपत्रक, जागेचा फोटो आणि टाकी कोण सांभाळणार त्या दोन पालकांच्या सह्या. महिन्याभरात टाकी आली.

जवळ हायस्कूल असेल तर त्यांना पाबळच्या विज्ञान आश्रमाच्या 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' या विषयाची माहिती घ्यायला सांगा. आठवी ते दहावीसाठी आहे, त्यात शेती-पशुपालन हा एक भागच आहे.

समितीच्या पुढच्या बैठकीत ठराव घ्याल तेव्हा 'परसबाग विकसित करणे' एवढंच लिहून थांबू नका. आमचा चाललेला मसुदा देते : 'शाळेच्या मागील जागेत इयत्ता पाचवी ते सातवीच्या विद्यार्थ्यांना आठवड्यातून दोन तास प्रत्यक्ष शेतीकाम शिकवण्यासाठी कुंपण, २,००० लिटरची पाण्याची टाकी व अवजारे यांची आवश्यकता आहे. उत्पादित भाजी शालेय पोषण आहारात वापरली जाईल. मे महिन्याच्या सुट्टीत देखभालीची जबाबदारी पुढील पालकांनी स्वीकारली आहे.' आणि खाली त्यांची नावं.